तांबडं पूर्वेला

मेलेला माणूस तिखट खात नाही. प्यो घराण्यात हा नियम सतरा पिढ्या अखंड पाळला गेला आहे आणि त्यासाठी आमच्या पूर्वजांनी काय काय सोसलं असेल, या विचाराने ऊर भरून येतो. त्यांतल्या पहिल्या तीन-चार पिढ्यांच्या काळात आमच्या कोरियात मिरची आलेलीच नव्हती, त्यामुळे त्यांना तो पाळणं थोडं सोपं गेलं असावं.

माझे वडील प्यो ब्योंग-ग्यू हे या नियमाचे सध्याचे राखणदार. ते पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झाले आणि त्यानंतर त्यांनी पितरांकडे लक्ष वळवलं. नोकरीत असताना लोक येऊन, नळाला पाणी का नाही, असं विचारायचे. पितर काहीच विचारत नाहीत, म्हणून हे काम त्यांना जास्त मानवलं.

श्राद्धाचं पान कसं मांडायचं हे बाबांना तोंडपाठ. भात आणि सार पितरांच्या पुढ्यात. मासा पूर्वेला, मांस पश्चिमेला. माशाचं डोकं पूर्वेला, शेपूट पश्चिमेला. तांबडं पूर्वेला, पांढरं पश्चिमेला. पीच वर्ज्य, लसूण वर्ज्य, आणि मिरचीचं तर नावच काढायचं नाही, कारण भुताखेतांना तांबडा रंग आणि उग्र वास सोसत नाही; आणि पितर झाले तरी शेवटी त्याच बिरादरीतले. बाबा हे सगळं पाढे म्हटल्यासारखं एका सुरात म्हणतात. पाढ्यांप्रमाणेच, ते असं का, हे त्यांना आजवर कोणी विचारलेलं नव्हतं.

अडचण उभी राहिली ती बाबांच्या धाकट्या भावामुळे, माझ्या ब्योंग-ते काकांमुळे. म्हणजे ते वारले म्हणून.

काका मिरचीचे शेतकरी. आमचं दोलगोगे गाव आन्दोंगच्या पलीकडे, डोंगरात. दिवसा तापणारं, रात्री गारठणारं, माणसांना त्रासाचं पण मिरचीला मानवणारं. उन्हाळा संपता संपता काकांचं अंगण कडेपासून कडेपर्यंत लाल व्हायचं आणि पोस्टमन शिंकत शिंकत यायचा. काका हिरवी मिरची तोंडी लावायला घेत आणि ती मिरचीच्याच आंबवलेल्या चटणीत बुडवून खात. "नुसती कशी लागणार?" असं म्हणत.

शेवटचे दोन महिने त्यांना दवाखान्यात काढावे लागले. डॉक्टरांनी मीठ आणि तिखट बंद केलं. तांदळाची पांढरी पेज सकाळी, तीच दुपारी, तीच रात्री. काका रोज काकूंकडे एकच गोष्ट मागत: मुरलेल्या किमचीचा, तिखटात आंबवलेल्या कोबीचा, रस्सा, डुकराचं मांस घालून. काकू रोज म्हणत, "घरी चला, मग करते." ते घरी आलेच नाहीत.

आता त्यांचं वर्षश्राद्ध आलं होतं.

आदल्या रविवारी काकूंकडे किमची घालायची होती. थंडी कडक व्हायच्या आत वर्षाची किमची घालून ठेवणं म्हणजे आमच्याकडे लग्नकार्याहून मोठं काम. लग्नाला न येणारे नातेवाईकही किमची घालायला येतात, कारण जाताना डबा भरून मिळतो. मिठात निजवलेल्या कोबीचा ढीग अंगणात निथळत होता. काकू, माझी आई आणि काकूंची मुलगी युन-ही कोपरापर्यंत तांबड्या झाल्या होत्या. मुळ्याचा कीस, मिरचीपूड, लसूण, आलं, खारवलेली कोळंबी, असा मसाला कोबीच्या एकेका पानाआड चोळायचा आणि गड्डा बाळाला गुंडाळावं तसा गुंडाळायचा. मी गड्डे वाहत होतो. बाबा ओसरीवर बसून देखरेख करत होते. देखरेख करताना उकडलेल्या मांसाचा तुकडा नव्या किमचीत गुंडाळून खावा लागतो. ते त्यांनी मनापासून चालवलं होतं. हनुवटीपर्यंत तिखट ओघळलं होतं.

"भाऊजी," काकू मान वर न करता म्हणाल्या, "ह्यांच्या पानावर मी किमचीचा रस्सा ठेवणार आहे."

बाबांचा घास हातातच राहिला. "कुठला रस्सा?"

"जुन्या किमचीचा."

"तांबडा?"

"हिरवा करता येत असेल तर सांगा, तसा करते."

आई कोबीकडे बघून हसली. बाबांनी घास आधी संपवला, कारण पुढे जे बोलायचं होतं ते भरल्या तोंडाने बोलण्यासारखं नव्हतं.

"वहिनी, तांबडं दिसलं की पितर दारातून परत जातात. थंडीतल्या सगळ्यात लहान दिवशी आपण तांबड्या घेवड्याची लापशी दाराला का लावतो? भुतं पळावीत म्हणूनच ना?"

"भुतं पळू देत की. मी नवऱ्याला बोलावतेय."

"अहो, तोही आता..."

"भाऊजी, ह्या अंगणात चाळीस वर्षं मिरची वाळली. हे तिच्यावरून चालत जेवायला यायचे. एकदा तर तिच्यावरच झोपले होते."

"तेव्हा तो जिवंत होता."

"मग मेल्यावर एवढे भित्रे झाले?"

"माझा भाऊ भित्रा नव्हता!" बाबा गरजले.

"मग झालं तर," काकू म्हणाल्या आणि पुढचा गड्डा घेतला.

आपण नेमकं काय कबूल केलं हे बाबांना दोन क्षणांनी कळलं. त्यांनी हनुवटी पुसली.

"हे बघा. घराण्याची रीत आहे. तिखट ठेवलंत तर दो-ग्युन पेला वाहणार नाही."

दो-ग्युन म्हणजे मी. काकांना मुलगा नसल्यामुळे श्राद्धातला दारूचा पहिला पेला पुतण्याने वाहायचा असं ठरलं होतं. हे ठरवतानाही मला कोणी विचारलं नव्हतं आणि आता रद्द करतानाही विचारलं नाही. माझ्या दोन्ही हातांत कोबी होता.

"मी वाहते ना मग," युन-ही म्हणाली.

"तू मुलगी आहेस."

"हो. त्यांचीच."

बाबांना डाव्या कानाने कमी ऐकू येतं आणि अशा प्रसंगी ते डावा कान पुढे करतात.

काकूंचे हात थांबले होते. रबरी मोज्यांतून तिखट टपटप टोपल्यात पडत होतं. "दोन महिने मी त्यांना पांढरी पेज भरवली," त्या म्हणाल्या. "डॉक्टरांनी सांगितलं म्हणून. रोज मागायचे. शेवटी शेवटी तर मागायचेही नाहीत, नुसते माझ्याकडे बघायचे."

"आजारपणात पथ्य पाळावंच लागतं," बाबा जरा नरमाईने म्हणाले.

"आता कसलं पथ्य, भाऊजी?"

उत्तर नसलं की बाबा व्यवस्था करतात. दुसऱ्या दिवशी त्यांनी सगळ्यांना फोन करून कळवलं की या खेपेला पान बाहेरून मागवलं आहे. वहिनींना या वयात कष्ट नकोत. आईने पन्नास वर्षं त्यांच्या घरातली सगळी श्राद्धं रांधली होती, त्या अवधीत ही काळजी त्यांना एकदाही सुचली नव्हती. देगूची कुठलीशी कंपनी होती. आख्खं पान सीलबंद खोक्यातून घरपोच, सोबत कुठली थाळी कुठे ठेवायची याचं रंगीत चित्र. 'पितरांचं समाधान, नाहीतर पैसे परत' असं त्यांचं ब्रीद होतं. समाधान झालं नाही हे कोणी येऊन सांगायचं, ते दिलेलं नव्हतं.

हेतू उघड होता. पान तयार आलं की काकूंना गॅस पेटवायचं कारणच उरत नाही.

"बाबांनी लढाई जिंकली म्हणायची," मी आईला म्हटलं.

"खोकं येऊ दे," आई म्हणाली.

श्राद्धाच्या दिवशी आम्ही दुपारीच दोलगोगेला पोचलो. विधी संध्याकाळी आठला ठेवला होता, म्हणजे लांबच्या मंडळींना जेवून परत जाता येतं. काकू ओसरीवर हात मांडीत घेऊन बसल्या होत्या. कपडे नीट, केस चोपून बांधलेले, चेहरा बंद. चूल थंड. घरात तिळाच्या तेलाचा वास नाही, काही नाही. श्राद्धाच्या दिवशी घराला असा काहीच वास नसणं मला फार विचित्र वाटलं. कुणी गेल्याचं त्या दिवशी पहिल्यांदा खरं वाटलं.

खोकं आलं. आणणारा माणूस चाळिशीचा, घाईत, घामाघूम. बाबांनी खोकं दोन्ही हातांनी स्वीकारलं, कंपनीच्या चित्राला जवळजवळ वाकून नमस्कार केला आणि झाकण उघडलं. सगळं जागच्या जागी: तीन रंगांच्या भाज्या, म्हणजे दोराजीची पांढरी मुळं, नेच्याचे तपकिरी कोंब, हिरवा पालक, अंड्यात घोळवलेले दुधीचे आणि माशाचे काप, सळीवर ओवलेलं मांस, साराची पिशवी, वाळवलेला मासा, बोरं, नाशपाती, पर्सिमनची वाळवलेली फळं.

आई वाकली. तिने फक्त नाक पुढे केलं.

"लसूण," ती म्हणाली.

"शक्य नाही," बाबा म्हणाले. "सीलबंद आहे."

"सीलबंद लसूण आहे."

बाबांनीही वास घेतला, पण गेली तीस वर्षं सिगारेट ओढून त्यांच्या नाकाची अवस्था त्यांच्या डाव्या कानासारखी झाली आहे. आता चव घेऊन बघणं एवढाच उपाय होता, आणि तेच करता येत नव्हतं. पितरांच्या आधी घरातल्या कुणी पानातलं चाखायचं नसतं. हाही नियम बाबांच्याच पाढ्यांमधला. आम्ही चौघं खोक्याभोवती उभे राहिलो. मग बाबांचं लक्ष फाटकाकडे गेलं. खोकं आणणारा तिथे गाडीला किल्ली लावत होता.

"अहो! तुमचं आडनाव काय?"

"माक," तो दचकून म्हणाला.

"आमच्या कुणाशी सोयरीक?"

"नाही बुवा. काय झालं?"

"मग या. हा पालक खाऊन बघा."

त्या बिचाऱ्याला वाटलं, पैशाचं काही भांडण आहे. त्याने सावधपणे एक घास घेतला, चावला आणि त्याचा चेहरा उजळला.

"छान आहे की! लसूण मस्त लागलाय."

"आणि हे कोंब?"

"ह्याला तर जास्तच आहे. भात आहे का?"

बाबा ओसरीच्या कडेला बसले. सतरा पिढ्या त्यांच्या खांद्यावर बसल्या होत्या, आता त्या एकदमच खाली उतरल्यासारख्या वाटल्या. भाज्या गेल्या, काप गेले, सार गेलं. फळं आणि वाळवलेला मासा तेवढा उरला. आठला आठ-दहा माणसं येणार होती, शिवाय एक पितर.

"बाजारात जाऊन..." त्यांनी सुरुवात केली.

"बाजार आज बंद असतो," युन-ही म्हणाली.

"मग आता?"

आई छताकडे बघत होती. बाबांनी घसा साफ केला, पुन्हा साफ केला आणि अखेर काकूंकडे वळले. "वहिनी, म्हणजे, तुम्हाला जर... भाज्या वगैरे..."

काकू उठल्या. एवढ्या तासांत त्या पहिल्यांदा उठल्या होत्या. त्यांनी बाह्या दुमडल्या. "सगळं करते," त्या म्हणाल्या. "काप, भाज्या, सार, भात. लसणाची पाकळी दिसणार नाही. रस्साही करणार, आणि तो पानावर जाणार. दो-ग्युनच पेला वाहणार."

"वहिनी, रीत..."

"मग खोकं मांडा."

"आणि तिने नाही केलं तर मीही करणार नाही," आई छताकडेच बघत म्हणाली. "माझी कंबर दुखतेय. या वयात कष्ट नकोत."

बाबांनी खोक्याकडे पाहिलं. खोक्याच्या चित्रातले पितर समाधानाने हसत होते.

"ठेवा," ते म्हणाले. "ठेवा म्हणतो ना!"

मग आई गाडीकडे गेली आणि डिकीतून मोठी शीतपेटी काढली. तिच्यात उकडायला तयार ऑक्टोपस होता, खारवलेला बांगडा होता, दोन दिवस भिजवून मऊ केलेले नेच्याचे कोंब होते, मांस होतं, अंडी होती. बाबा पेटीकडे बघत राहिले.

"हे तू कधी...?"

"सवय," आई म्हणाली.

त्यानंतर त्या घरात जे झालं ते मी आयुष्यात विसरणार नाही. तिन्ही गॅस पेटले, अंगणातली जुनी चूलही पेटली. काकूंनी जमिनीत पुरलेल्या मुळ्यांतले दोन उपसून आणले. ते सारात गेले, मांसाच्या तुकड्यांबरोबर, तळाशी तिळाचं तेल टाकून. युन-ही एरवी शहरात अंडंसुद्धा उकडत नाही. ती तव्यापुढे उकिडवी बसली आणि दुधीच्या चकत्या पिठात, मग अंड्यात, मग तव्यावर, पिवळ्या मोहरांसारख्या एकामागून एक उलटायला लागली. पालक उकळत्या पाण्यात बुडून मुठीत पिळून निघाला. दोराजीची मुळं मिठाने चोळून कडूपणा काढलेली, कोंब सोया सॉसमध्ये परतलेले. बांगडा आख्खा, डोक्यासकट, वाफेवर. ऑक्टोपस उकळत्या पाण्यात गेला आणि पाय वर वळवून फुलासारखा बाहेर आला. आणि यांतल्या एकाही पदार्थाची चव कोणी घेतली नाही. घ्यायची नव्हतीच. आई वाफेवर हात धरायची, काकू नाक पुढे करायच्या, म्हणायच्या, "मीठ हवं," की मीठ पडायचं.

"युन-ही, जाळ कमी कर! तुझ्या बापाला करपलेलं घालतेस?" काकू म्हणाल्या.

"आई, तूच म्हणतेस ना, बाबा काहीही खायचे?"

"तिखट असलं तर. हे पांढरं अन्न आहे, ह्यात लपायला जागा नाही."

बाबा आणि मी चेस्टनट सोलत होतो. श्राद्धाच्या स्वयंपाकात पुरुषांकडे एवढंच काम असतं: कठीण साल काढून वरचा माथा हिऱ्यासारखा पैलू पाडून सपाट करायचा. बाबांच्या हातचे पैलू सुरेख असतात. त्या दिवशी मात्र त्यांचं लक्ष चुलीकडे होतं, कारण काकूंनी परसातल्या रांजणाचं झाकण उघडलं होतं.

ती गेल्या हिवाळ्याच्या आदल्या हिवाळ्यातली किमची होती. काकांनी स्वतः पिकवलेल्या मिरचीची, त्यांच्या डोळ्यांदेखत घातलेली शेवटची. दोन वर्षं मुरून तिची पानं पारदर्शक झाली होती. काकूंनी ती हंडीत कापून टाकली, चरबीचं जाड मांस आधी परतलं, वरून तांदूळ धुतलेलं पाणी ओतलं, रांजणातलाच आंबट रस टाकला. रटरट सुरू झाली आणि तो वास अंगणातून गल्लीत गेला. पलीकडच्या घरातली म्हातारी भिंतीवरून डोकावली.

"काय गं, माल-सुन, आज श्राद्ध ना तुझ्याकडे?"

"श्राद्धाचंच चाललंय!" काकू ओरडून म्हणाल्या. त्यांचा वर्षभरात मी ऐकलेला तो पहिला मोठा आवाज.

आठाला दहा कमी असताना पान मांडून झालं. मेणबत्त्या लागल्या, उदबत्ती लागली, काकांचा फोटो वरच्या बाजूला. पाहुणे ओळीने उभे. आणि काकू हंडी घेऊन दारात आल्या. वाफ तांबडी दिसत होती असं म्हणणं अतिशयोक्ती होईल, पण दिसत होती.

तेवढ्यात बाबांना वाट सापडली.

"ठेवा म्हटलं होतं, आता नाही म्हणत नाही," ते गंभीरपणे म्हणाले. "पण ठेवणार कुठे? पाचही रांगा भरल्या. आणि ह्याला जागाच सांगितलेली नाही. शास्त्रात जी वस्तू नाही तिची जागा मी कुठून आणू?"

ते खरंच होतं. पाहुण्यांनी माना हलवल्या. काकू हंडी धरून उभ्या होत्या. हंडी तापलेली होती, पण त्यांचा हात हलत नव्हता.

"तांबडं पूर्वेला," काकू म्हणाल्या, "पांढरं पश्चिमेला."

"काय?"

"तुम्हीच म्हणता. हे तांबडं आहे."

"अहो, ते फळांचं आहे! बोरं, नाशपाती..."

"फळांचं असं तुम्ही कधी म्हणाला नाहीत. लग्न होऊन आल्यापासून ऐकतेय."

"नाहीच म्हणाले," आई म्हणाली.

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी महाविद्यालयात शिकलेला माणूस. पुराव्याशिवाय बोलत नाही. "मीही ऐकलेलं नाही," मी म्हणालो.

पाहुण्यांतले एक वृद्ध आत्येआजोबा, जे कधीच बोलत नाहीत, म्हणाले, "तांबडं पूर्वेला. बरोबर आहे." आणि पुन्हा गप्प झाले.

बाबांनी बोरांची थाळी जरा सरकवली. हंडी पूर्वेला बसली.

मी गुडघे टेकले, तांदळाच्या दारूचा पहिला पेला उदबत्तीच्या धुरावरून फिरवून काकांपुढे ठेवला आणि वाकलो. दुसरा पेला काकूंनी ठेवला. बाबा बाजूला ताठ उभे होते. मोठा भाऊ धाकट्यापुढे वाकत नाही, तो फक्त सूचना देतो. मग भाताच्या शिगेत चमचा उभा रोवला. यानंतर जेवायच्या काड्या उचलून एखाद्या पदार्थावर ठेवायच्या असतात, म्हणजे जेवणाऱ्याला तिथून सुरुवात करता येते. नेहमी माशावर ठेवतात.

मी काड्या उचलल्या. बांगडा माझ्यासमोरच होता. काकू मागे उभ्या होत्या. मला त्या दिसत नव्हत्या, पण त्यांनी श्वास घेतलेला ऐकू येत नव्हता. मी काड्या माशाकडे नेल्या, कारण हात सवयीने जातो.

"अरे," बाजूने बाबांचा दबका आवाज आला. "अरे, गार होतंय ते."

मी थांबलो.

"तिकडे ठेव." बाबांनी हनुवटीने पूर्वेकडे दाखवलं. "त्याला गार आवडायचं नाही."

मी काड्या हंडीवर ठेवल्या. मागे युन-हीने नाक ओढलं. माझ्या मते काकू हसत होत्या, पण वाकलेलं असताना मागचं काही दिसत नाही.

पितर जेवत असताना माणसांनी तिथे थांबायचं नसतं. आम्ही दार लोटून ओसरीवर आलो. हवा कडक गार होती, तोंडातून वाफ निघत होती. जरा वेळाने बाबांनी दाराशी खाकरून आत सूचना दिली आणि दार उघडलं. रस्सा तेवढाच होता. भाताचं शीतही हललं नव्हतं.

काकूंनी हंडीत वाकून पाहिलं.

"जेवले," त्या म्हणाल्या.

बाबांनीही वाकून पाहिलं. घराण्याचे राखणदार म्हणून शेवटचा शब्द त्यांचा. "जेवला," ते म्हणाले. "पोटभर."

मग पानातलं सगळ्यांनी वाटून खायचं. भातावर तिन्ही भाज्या घालून सोया सॉसमध्ये कालवलं, सार ओतून घेतलं, ऑक्टोपस कापला, काप फस्त झाले. पण पहिला डाव प्रत्येकाचा हंडीत गेला. आत्येआजोबांनी तर भाताचा वाडगाच हंडीजवळ आणून ठेवला. बाबांनी "बघायला हवं काय आहे ते," असं म्हणत एकदा घेतलं, "मघाशी नीट कळलं नाही," म्हणून दुसऱ्यांदा घेतलं, आणि तिसऱ्यांदा काही न म्हणता घेतलं. हंडी सगळ्यांत आधी रिकामी झाली. काकूंनी ती भाकरीने पुसावी तशी भाताने पुसली आणि तो शेवटचा घास स्वतः खाल्ला, डोळे मिटून, सावकाश. वर्षभरात त्यांना कोणी असं जेवताना पाहिलं नव्हतं.

"मीठ बरोबर पडलंय, भाऊजी?" त्यांनी विचारलं.

"ब्योंग-तेला विचारा," बाबा नाक पुसत म्हणाले. त्यांना तिखट लागलं होतं.

वसंतात घराण्याच्या सगळ्या शाखांची बैठक झाली, तिथे कोणीतरी हा विषय काढला. बाबा उठून उभे राहिले आणि म्हणाले की आमच्या शाखेत तांबडा रस्सा पहिल्यापासूनच पूर्वेला ठेवतात. इतरांना माहीत नसेल तर तो त्यांच्या अभ्यासाचा प्रश्न आहे. आता तीन शाखा तसं करतात. चौथ्या शाखेने आपल्या आजोबांसाठी तळलेली कोंबडी ठेवायला सुरुवात केली आहे आणि तिच्या दिशेबद्दल बाबांचा सल्ला मागितला आहे. काकू दर वर्षी एक रांजण वेगळा पुरून ठेवतात, त्याला कोणी हात लावत नाही.

राहता राहिली तिथी. श्राद्ध करायचं असतं माणूस गेला त्या दिवसाच्या पहिल्या प्रहरी, म्हणजे मध्यरात्र उलटल्यावर. म्हणून जुने लोक पान आदल्या रात्री मांडून वाट बघत बसत. हल्ली सगळ्यांना घरी परतायचं असतं, त्यामुळे आम्ही विधी संध्याकाळी आठवर आणला. दिवस मात्र आदलाच राहू दिला. काका अकराव्या तिथीला पहाटे गेले. आम्ही त्यांना जेवायला बोलावलं ते दहाव्या तिथीला संध्याकाळी. गेल्या वर्षी त्या वेळी ते जिवंत होते आणि दवाखान्याच्या टीव्हीवर व्हॉलीबॉलचा सामना बघत होते.